मुत्तकी, शेख अली

(सु. १४८०–१५६७). हदीसवचनांचा श्रेष्ठ संकलक, विधिज्ञ व सूफी साधक. पूर्ण नाव अली बिन हुसामुद्दीन बिन अब्दुल मलिक. ‘मुत्तकी’ या बिरुदाचा अर्थ ईश्वराचे भय बाळगून वागणारा, सदाचारी असा आहे. त्याचा जन्म खानदेशच्या फारुकी सुलतानांच्या राजधानीत, बुऱ्हाणपूर येथे झाला. जन्मवर्ष म्हणून हिजरी ८८५ (१४८०) व ८८८ (१४८३) अशी दोन वर्षे सांगितली जातात. त्याचे घराणे मूळचे जौनपूरचे. कन्झुल-उम्माल फी सुननिल-अक्‌वाल वल-अफ्आल (वचने व कृती यांतील परंपरांविषयी आचरणशीलांचा निधी) या प्रचंड हदीससंग्रहामुळे त्याचे नाव इस्लामी जगात सर्वत्र परिचित झाले. विखुरलेली हजारो हदीसवचने विषयवार लावून विधिशास्त्राच्या उपयोगास आणणे, हे त्याचे मुख्य कार्य होय.

हदीस आणि विधी : मुहंमद पैगंबरांची उक्ती, त्यांची कृती आणि त्यांनी मौनाने दिलेली संमती यांविषयीचे वृत्त म्हणजे हदीस. प्रत्येक हदीसला दोन अंगे असतात : ते वृत्त कोणी कोणाकडून ऐकले हे सांगणारी निवेदकांची साखळी (इस्नाद) आणि प्रत्यक्ष मजकूर (मत्न). कुराणात विधिविषयक आज्ञा मोजक्याच असल्यामुळे व्यापार, विवाह, वारसा, गहाण, साक्ष इ. बाबतींतील तपशीलवार नियमांसाठी विधिज्ञांना हदीसचा आधार घ्यावा लागे. त्यामुळे हदीसचे संकलन हा केवळ श्रद्धेचा किंवा स्मरणशक्तीचा विषय राहिला नाही; न्यायदानाचा तो पाया ठरला.

या संकलनाचा आजवर अखंड स्वरूपात टिकलेला सर्वांत जुना प्रमुख ग्रंथ म्हणजे मदीनेचा विधिज्ञ मालिक बिन अनस (मृ. ७९५) याचा मुवत्ता. ‘मुवत्ता’ म्हणजे तुडवून सपाट केलेली, चालण्यास सुगम झालेली वाट. मालिकने त्यात पैगंबरांच्या हदीसांबरोबरच त्यांच्या सहकाऱ्यांचे व पुढील पिढीतील विद्वानांचे निर्णय आणि मदीनेतील प्रचलित आचार यांचीही नोंद केली. याह्या अल्‌-लैसी याच्या प्रसिद्ध पाठात एका जुन्या गणनेप्रमाणे सु. १,७२० वृत्ते आहेत. त्यांची मांडणी शुद्धता, नमाज, जकात, उपवास, विवाह, खरेदी-विक्री अशी प्रकरणवार आहे. म्हणजेच हदीस आणि विधी हे दोन्ही विषय या पहिल्या महत्त्वाच्या ग्रंथात एकत्रच नांदत होते.

पुढे संकलनाच्या दोन पद्धती रूढ झाल्या. एक विषयवार, तिला ‘मुसन्नफ’ म्हणत. बुखारी (८१०–८७०), मुस्लिम (मृ. ८७५), अबू दाऊद, तिर्मिझी, नसाई व इब्न माजा यांचे सुन्नी पंथास मान्य असलेले सहा संग्रह याच पद्धतीचे आहेत. दुसरी पद्धत ‘मुस्नद’ ही होय. तीत ज्या सहकाऱ्याने हदीस सांगितली, त्याच्या नावाखाली ती नोंदविली जाई. अहमद बिन हंबल (७८०–८५५) याचा मुस्नद हे तिचे ठळक उदाहरण. मुस्नदामुळे निवेदकाची पारख करणे सोपे जाई. पण एखाद्या प्रश्नावरील सर्व हदीसवचने एके ठिकाणी मिळणे मात्र दुरापास्त होई.

पंधराव्या शतकाच्या अखेरीस कैरोच्या जलालुद्दीन सुयूती (१४४५–१५०५) याने आपल्यापूर्वीच्या सर्व संग्रहांतील हदीसवचने एकत्र करण्याचा संकल्प सोडला. त्याच्या जम्उल-जवामिअ या ग्रंथात पैगंबरांची वचने आद्याक्षरांनुसार आणि कृतिविषयक वृत्ते सहकाऱ्यांच्या नावांनुसार लावलेली आहेत. हा ग्रंथ पूर्ण होण्यापूर्वीच सुयूती वारला. त्यातून निवडलेल्या सु. दहा हजार छोट्या वचनांचा त्याचा अल्‌-जामिउस-सगीर हा संक्षेपही आद्याक्षरानुसारच आहे. वचनाचे पहिले शब्द ज्यास पाठ आहेत, त्याला अशा ग्रंथाचा उपयोग होतो; परंतु गहाण ठेवलेल्या जनावराचे दूध कोणी घ्यावे, यासारख्या प्रश्नाचे उत्तर शोधणाऱ्या काझीस त्यासाठी सगळा ग्रंथ चाळावा लागे. सुयूतीच्या हातून राहिलेले हे काम बुऱ्हाणपूरच्या अली मुत्तकीने पुरे केले.

पूर्वायुष्य : बुऱ्हाणपूर हे तापीकाठचे नगर नसीरखान फारुकी (कार. १३९९–१४३७) याने पंधराव्या शतकाच्या आरंभी वसविले आणि खुल्दाबाद येथे चिरविश्रांती घेत असलेल्या चिश्ती संत बुऱ्हाणुद्दीन गरीब (मृ. १३३७) याचे नाव त्यास दिले. नदीच्या पैलतीरावरील झैनाबाद या गावाचे नावही त्याच परंपरेतील झैनुद्दीन शिराझीवरून पडले. दक्षिण व उत्तर हिंदुस्थान यांना जोडणाऱ्या मार्गावरील हे नगर कापडाच्या व्यापाराप्रमाणेच सूफी व विद्वान यांच्या वास्तव्यामुळेही नावारूपास आले. आज ते मध्य प्रदेश राज्यात असून २००३ पासून जिल्ह्याचे ठिकाण आहे; तथापि जळगाव जिल्ह्याशी व खानदेशाच्या इतिहासाशी त्याचा संबंध निकटचा आहे.

अली सात-आठ वर्षांचा असतानाच वडिलांनी त्याला बुऱ्हाणपूरचे चिश्ती संत शेख बहाउद्दीन बाजन यांच्या चरणी घातले. बाजन हे गुजरी-दखनी बोलीतील आद्य रचनाकारांपैकी एक म्हणून भाषेच्या इतिहासातही ओळखले जातात. थोड्याच काळात वडील वारले. तरुणपणी अलीने माळव्याची राजधानी मांडू येथे काही काळ राजसेवा केली व द्रव्यही मिळविले. परंतु त्यात त्याचे मन रमले नाही. ती चाकरी सोडून त्याने बाजनपुत्र अब्दुल हकीम यांच्याकडून चिश्ती परंपरेची दीक्षा घेतली आणि तो मुलतानला गेला. तेथे शेख हुसामुद्दीन मुत्तकी यांच्यापाशी सु. दोन वर्षे राहून त्याने बैदावीकृत कुराणभाष्य व इतर ग्रंथ अभ्यासिले. मुलतानहून तो गुजरातमध्ये अहमदाबादेस आला. सुलतान बहादुरशाह (कार. १५२६–३७) याच्या मनात त्याच्याविषयी आदर होता. १५३५ मध्ये हुमायूनने गुजरातवर स्वारी केली आणि राज्य विस्कळीत झाले. याच सुमारास अली मुत्तकीने समुद्रमार्गे मक्केचा रस्ता धरला. त्या वेळी त्याचे वय पन्नाशीच्या पुढे होते. ज्या कार्यामुळे त्याचे नाव राहिले, ते सर्व या वयानंतरचे आहे.

मक्केतील वास्तव्य : मक्केत त्याने अबुल-हसन बक्री या विद्वानाजवळ हदीसचे अध्ययन केले आणि कादिरी, शाझिली व मदीनी या सूफी परंपरांचीही दीक्षा घेतली. शाफिई पंथाचा नामवंत विधिज्ञ इब्न हजर हैतमी हा आरंभी त्याचा गुरू होता. पुढे तोच त्याचा शिष्य म्हणवून घेऊ लागला, असे चरित्रकार सांगतात. इजिप्तमधील सूफी लेखक अब्दुल वह्‌हाब शारानी हा १५४०-४१ च्या सुमारास यात्रेसाठी मक्केस आला असता त्याची अलीशी भेट झाली. उपासाने कृश झालेला, मितभाषी आणि गरीब साधकांच्या मेळ्यात राहणारा असे त्याचे चित्र शारानीने रेखाटले आहे. अलीने स्वहस्ते एकाच पानावर सूक्ष्म अक्षरांत लिहिलेले कुराण त्याने शारानीस दाखविले होते.

ग्रंथांच्या प्रती करणे हे त्याच्या आश्रमातील नित्याचे काम होते. विद्यार्थ्यांसाठी तो स्वतः शाई तयार करी, दुर्मिळ ग्रंथांच्या प्रती करवून घेई आणि जेथे ते उपलब्ध नसत तेथे पाठवी, असे त्याच्या परंपरेतील चरित्रकारांनी नमूद केले आहे. छापखाना नसलेल्या काळात ज्ञानाचा प्रसार नकलनविसांच्या श्रमावर अवलंबून होता, हे ध्यानी घेतल्यास या तपशिलाचे महत्त्व कळते. सुलतान तिसरा महमूद (मृ. १५५४) याच्या कारकीर्दीत तो दोनदा गुजरातेत येऊन गेला. सुलतानाची त्याच्यावर भक्ती होती. परंतु दरबारच्या वातावरणात तो फार काळ टिकला नाही व पुन्हा मक्केस परतला. तेथेच १५६७ मध्ये त्याचे निधन झाले.

कन्झुल-उम्माल : या ग्रंथाची रचना टप्प्याटप्प्याने झाली. प्रथम सुयूतीचा अल्‌-जामिउस-सगीर व त्याची पुरवणी यांतील वचने विषयवार लावून अलीने मन्हजुल-उम्माल हा ग्रंथ सिद्ध केला. त्यानंतर जम्उल-जवामिअमधील उरलेली वचने घेऊन त्याची पूर्तता केली. शेवटी कृतिविषयक वृत्तेही त्याच चौकटीत बसवून १५५० मध्ये कन्झुल-उम्माल पूर्ण केला. अर्वाचीन काळातील बेरूत आवृत्तीत त्यातील वृत्तांची क्रमवार संख्या ४६,६२४ इतकी भरते. तथापि एकच प्रसंग वेगवेगळ्या निवेदकांकडून आलेला असल्यास प्रत्येक पाठास स्वतंत्र क्रमांक मिळतो, हे ही संख्या पाहताना लक्षात ठेवावे लागते.

ग्रंथाचे विभाग (किताब) विषयांच्या अरबी नावांच्या वर्णानुक्रमाने लावलेले आहेत. पहिल्या वर्णाखाली श्रद्धा (ईमान), नामस्मरण (अझ्कार), शील (अख्लाक), भाडेपट्टा (इजारा) आणि पडीक जमीन लागवडीस आणणे (इह्‌याउल-मवात) हे विषय येतात. पुढे क्रमाने खरेदी-विक्री (बुयूअ), हज, शिक्षा (हुदूद), कर्ज (दैन), गहाण (रहन), जकात, शेजाऱ्याचा अग्रक्रयाधिकार (शुफआ), भागीदारी (शरिकत), नमाज, अतिथिसत्कार (झियाफत), घटस्फोट (तलाक), वैद्यक (तिब), ज्ञान (इल्म), वारसाहक्क (फराइझ), सापडलेली वस्तू (लुकता), बटाईची शेती (मुझारआ), विवाह (निकाह), मृत्युपत्र (वसीयत), वक्फ, देणगी (हिबा) इ. विभाग आहेत. प्रत्येक विभागात आधी पैगंबरांची वचने आणि नंतर कृतिविषयक वृत्ते दिलेली आहेत. विभागांची ही चौकट इब्नुल-असीर (मृ. १२१०) याच्या जामिउल-उसूल या ग्रंथावरून घेतलेली आहे. केवळ ही नामावली वाचली, तरी उपासनेपासून शेतीच्या बटाईपर्यंतचे सगळे जीवन एकाच विधिदृष्टीच्या कक्षेत कसे आणले गेले होते, याची कल्पना येते.

साखळ्या पूर्ण दिल्या असत्या, तर ग्रंथ कित्येक पटींनी वाढला असता. म्हणून सुयूतीप्रमाणेच अलीने फक्त शेवटचा निवेदक आणि मूळ संग्रह यांचा निर्देश केला. मूळ संग्रहासाठी अक्षरचिन्हे योजिली आहेत, उदा., बुखारीसाठी ‘खा’, मुस्लिमसाठी ‘मीम’, अबू दाऊदसाठी ‘दाल’. या चिन्हांवरून वाचकास वचनाच्या योग्यतेचाही अंदाज बांधता येतो. बुखारी व मुस्लिम यांच्याकडील वचन विश्वसनीय, तर उकैली, इब्न अदी, खतीब बगदादी, इब्न असाकिर अशा काही लेखकांच्याच ग्रंथांत आढळणारे वचन दुर्बल समजावे, असा संकेत सुयूतीने घालून दिला होता.

याच ठिकाणी या ग्रंथाची मर्यादाही दिसते. सबळ, दुर्बल आणि क्वचित बनावट म्हणून नाकारलेली वचनेही त्यात शेजारीशेजारी येतात. साखळी गाळल्यामुळे त्यांची पारख करण्यास पुन्हा मूळ ग्रंथाकडेच जावे लागते. विद्वानाला हा संग्रह उत्तम मार्गदर्शक ठरतो. केवळ त्यातील उताऱ्यावर विसंबणाऱ्यास मात्र तो चकवू शकतो. अलीला याची जाणीव असावी. त्याने मुन्तखब कन्झिल-उम्माल हा निवडक संक्षेपही स्वतःच तयार केला.

महदवी वाद : हदीसची पारख हा त्या काळी केवळ ग्रंथालयातला प्रश्न नव्हता, हे महदवी वादावरून स्पष्ट होते. जौनपूरचा सय्यद मुहंमद (१४४३–१५०५) याने आपण अंतिम काळी अवतरणारा मार्गदर्शक, म्हणजे महदी आहोत, असे घोषित केले होते. त्याच्या वैराग्यशील अनुयायांचा संप्रदाय गुजरात, दख्खन व राजस्थान येथे वेगाने पसरला. महदीविषयी कुराणात स्पष्ट उल्लेख नाही; जे काही आहे ते हदीसमध्ये. त्यामुळे वादाचा सगळा भार महदीची लक्षणे सांगणाऱ्या हदीसवचनांवर आला. अली मुत्तकीने अल्‌-बुऱ्हान फी अलामाति महदी आखिरिझ-झमान हा ग्रंथ लिहून ही वचने एकत्र केली व ती सय्यद मुहंमदास लागू पडत नाहीत, असे प्रतिपादन केले. मक्केतील चारही विधिपंथांच्या मुफ्तींची मतेही त्याने मिळविली. महदवींनी आपले मत न सोडल्यास त्यांना कठोर शासन करावे, असा त्यांचा सूर होता.

महदवी विद्वान अब्दुल मलिक सजावंदी याने सिराजुल-अब्सार या ग्रंथात अलीला उत्तर दिले. लक्षणांविषयीची वचने परस्परविरोधी असल्यामुळे ती सगळी एका व्यक्तीच्या ठायी शोधणे व्यर्थ होय. दावा करणाऱ्याचे चारित्र्य पाहूनच निर्णय करावा, असा त्याच्या युक्तिवादाचा रोख आहे. दोन्ही पक्ष हदीसचाच आधार घेत होते, ही गोष्ट लक्षणीय आहे.

या वादाचे परिणाम मात्र ग्रंथांपुरते राहिले नाहीत. इस्लामशाह सूरच्या कारकीर्दीत शेख अलाई या महदवी उपदेशकाचा १५५० मध्ये फटक्यांच्या शिक्षेने अंत झाला. अहमदनगरच्या निजामशाहीत महदवी सरदार जमालखान याने १५८९ मध्ये सत्ता हाती घेतली. १५९१ मध्ये दुसऱ्या बुऱ्हाण निजामशाहाच्या पक्षाने खानदेशच्या राजा अलीखान फारुकीच्या साहाय्याने त्याचा रोहिणखेड (जि. बुलढाणा) येथील लढाईत पराभव केला, तीत जमालखान मारला गेला. या लढाईस राजकीय कारणेही होती. तरी श्रद्धेच्या प्रश्नाने राज्यकारभारात किती खोलवर प्रवेश केला होता, हे तीवरून दिसते. मुफ्तींकडून शिक्षेचे अभिप्राय मिळविण्याची अलीची कृती त्याच्या संयमी, एकांतप्रिय जीवनाशी विसंगत वाटते. परंतु त्याच्या चरित्राचा तोही एक अटळ भाग आहे.

शिष्यपरंपरा : अलीच्या शिष्यांत गुजरातेतील पाटणचा मुहंमद ताहिर (मृ. १५७८) हा विशेष प्रसिद्ध आहे. सुन्नी बोहरा समाजातील या विद्वानाने मक्केत अलीजवळ अध्ययन केले व परत येऊन हदीसमधील अवघड शब्दांचा मज्मउ बिहारिल-अन्वार हा कोश रचला. त्याचा तझ्किरतुल-मौझूआत हा ग्रंथ केवळ बनावट हदीसवचनांविषयी आहे. गुरूने जमविले व लावले, शिष्याने पाखडले, असे या दोघांच्या कार्याचे नाते सांगता येईल. महदवी पंथाच्या विरोधात तो अग्रेसर होता. अकबराने गुजरात जिंकल्यावर त्यास साहाय्याचे आश्वासन दिले होते. परंतु ते वातावरण पुढे पालटले. गाऱ्हाणे घेऊन आग्र्याकडे निघाला असता १५७८ मध्ये उज्जैनजवळ त्याचा खून झाला.

मक्केतील आश्रमाची परंपरा मांडूत जन्मलेल्या अब्दुल वह्‌हाब मुत्तकी या शिष्याने चालविली. त्याच्याजवळ सोळाव्या शतकाच्या अखेरीस दिल्लीच्या अब्दुल हक (१५५१–१६४२) याने हदीसचे शिक्षण घेतले. दिल्लीस परतून त्याने या विषयाचे अध्यापन रुजविले आणि झादुल-मुत्तकीन या फार्सी ग्रंथात अली व अब्दुल वह्‌हाब या दोघांची चरित्रे लिहिली. पुढे अठराव्या शतकात शाह वलीउल्लाह (१७०३–६२) याने दिल्लीत मालिकच्या मुवत्तावर एक अरबी व एक फार्सी अशी दोन भाष्ये लिहून त्या आद्य ग्रंथाचे माहात्म्य पुन्हा प्रस्थापित केले. खुद्द बुऱ्हाणपुरातही सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात सिंधमधून आलेल्या विद्वानांमुळे अध्ययनाची परंपरा बहरली. सिंधीपुरा हे तेथील वस्तीचे नाव त्यांची आठवण देते. या नगराच्या जामा मशिदीत राजा अलीखानाने अरबी लेखाबरोबर संस्कृत लेखही कोरविला आहे.

मुद्रण व मूल्यमापन : हस्तलिखितांच्या रूपाने कन्झुल-उम्मालचा प्रसार इस्लामी जगात सर्वत्र झाला, परंतु तो प्रथम छापला गेला तो दक्षिणेतच. हैदराबाद येथे १८८८ मध्ये स्थापन झालेल्या दाइरतुल-मआरिफ या संस्थेने १८९४–९७ च्या दरम्यान आठ खंडांत तो प्रसिद्ध केला. त्या वेळी मराठवाडा हैदराबाद संस्थानात समाविष्ट होता. तापीकाठी जन्मलेल्या संकलकाचा मक्केत सिद्ध झालेला ग्रंथ अशा रीतीने साडेतीन शतकांनी दख्खनमध्ये परत आला. मुन्तखब हा संक्षेप १८९५-९६ मध्ये कैरो येथे इब्न हंबलच्या मुस्नदाच्या समासात छापण्यात आला. मुस्नद पद्धतीच्या महाग्रंथाशेजारी विषयवार संक्षेप, ही जोडणी अभ्यासकांना सोयीची वाटली. बेरूत येथील सोळा खंडांची आवृत्ती आता सर्वत्र वापरली जाते.

अली मुत्तकीने नवी हदीस शोधली नाही किंवा नवा विधिपंथ स्थापला नाही. त्याचे कर्तृत्व मांडणीत आहे. सुयूतीने जगास उपकृत केले आणि मुत्तकीने सुयूतीस, अशा आशयाचा त्याच्या गुरूचा अभिप्राय परंपरेने जतन केला आहे. आठव्या शतकात मालिकने मदीनेत जी विषयवार वाट पाडली होती, तीच सोळाव्या शतकात हजारो वचनांच्या अरण्यातून पुन्हा मोकळी करण्याचे श्रेय या खानदेशी विद्वानाकडे जाते. त्या वाटेने जाताना प्रत्येक वचनाची पारख ज्याची त्याने करावयाची असते, ही जबाबदारी मात्र त्याच्या ग्रंथाने वाचकाकडेच ठेवली आहे.